खाऊ वाटण्याआधी दंडघेर मोजा

ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी या वेळी लहान मुलांच्या कुपोषणाबद्दल भरभरून लिहिलं आहे. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: आम्हाला काहीतरी करायचंय, नेमकं काय करू? बालरोग, आहारशास्त्र आणि अंगणवाडीचं काम या तिन्ही बाजूंचा विचार करून उत्तरं दिली आहेत. पत्रं जागेअभावी थोडी आटोपशीर केली आहेत.

घोडबंदर रोडवर कासारवडवलीजवळ आमची सोसायटी आहे. शेजारी टॉवरचं काम चालू आहे. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत पंचवीस-तीस लहान मुलं राहतात, बरीच हडकुळी दिसतात. आमच्या महिला मंडळाने दर रविवारी दूध आणि बिस्किटांचे पुडे वाटायचं ठरवलं आहे. आणखी काय द्यावं?
— महिला मंडळाच्या कार्यवाह, ठाणे (पश्चिम)

आणखी काय द्यावं हे नंतर ठरवू. कोणाला कशाची गरज आहे हे आधी कळायला हवं, आणि ते नुसतं बघून कळत नाही. हडकुळं दिसणारं मूल ठीक असू शकतं, आणि गालावर बाळसं दिसणारं मूल धोक्यात असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली. १०.९ टक्के मुलं तर तीव्र गटात होती. हीच सरासरी धरली तर तुमच्या तीस मुलांत सात-आठ जणांकडे लक्ष द्यायला हवं, आणि त्यांतल्या तिघांकडे ताबडतोब. रविवारच्या रांगेत हे तिघे हमखास पुढे येतात असं नाही. खूप अशक्त मूल खोलीतच झोपून असतं.

म्हणून पहिल्या रविवारी खाऊ नेऊ नका, मोजपट्टी न्या. लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची दंडघेराची टेप अंगणवाडी ताईंकडे किंवा आशाताईंकडे असते. त्यांना सोबतच बोलवा. ही टेप सहा महिने ते पाच वर्षं या वयासाठी आहे. डावा हात कोपरात काटकोनात दुमडायचा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनने खूण करायची. मग हात सरळ, सैल सोडायचा आणि खुणेवर टेप लावायची. टेप कातडीला लागलेली हवी, पण कातडी दबता कामा नये. माप ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम. ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे मॅम. १२.५ किंवा त्याहून जास्त भरलं तर या मापापुरतं ठीक.

चुका ठरलेल्या असतात. झबल्याच्या बाहीवरून टेप लावली की माप वाढतं. करकचून आवळली की घटतं. मूल रडत असलं की हात आखडतो आणि स्नायू फुगतो. अर्ध्या सेंटिमीटरने मुलाचा गट बदलू शकतो, म्हणून माप सीमेजवळ आलं तर दुसऱ्या व्यक्तीने पहिला आकडा न बघता पुन्हा मोजावं. आणि आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका. ‘तुझं पोर कुपोषित आहे’ हे चार बायकांत ऐकलेली आई पुढच्या वेळी दार उघडत नाही. मुलांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका, हेही त्यातच आलं.

आता बिस्किटांबद्दल स्पष्टच सांगतो. ५०-६० ग्रॅमच्या पुड्यात साधारण २५० कॅलरी असतात, पण त्या मुख्यतः मैदा आणि साखरेच्या. प्रथिनं नावाला. दोन वर्षांच्या मुलाने तो पुडा अकरा वाजता संपवला की दुपारचा वरणभात बाजूला राहतो. चहात बुडवून खाल्लं तर चहामुळे जेवणातलं लोहही नीट शोषलं जात नाही. आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या दुधाने तर काहीच बदलत नाही, कारण मूल रोज वाढतं.

मुलांचा हक्काचा आहार अंगणवाडीत आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हा आहार कायदेशीर हक्क झाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा आहार म्हणजे टीएचआर, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना केंद्रात गरम ताजं जेवण मिळतं. गरोदर आणि स्तनदा मातांनाही आहार आहे. मूल मध्य प्रदेशातून आलेलं असो की नांदेडहून, जिथे राहतं तिथल्या अंगणवाडीत त्याची नोंद होते. मुलाचं आधार कार्ड नसेल तर आईच्या आधारवर होते. अडचण वेगळीच असते: मजुरांच्या खोल्या कुठल्याच अंगणवाडीच्या यादीत नसतात, आणि आई सात वाजता कामावर जाते तेव्हा केंद्र उघडलेलंही नसतं.

तुमच्या मंडळाची खरी गरज या फटीत आहे. एकीने ताईंसोबत बसून सगळ्या मुलांची नावं, वय आणि दंडघेर यांची यादी करावी आणि अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेला लेखी द्यावी. दुसरीने ठेकेदाराकडे आणि बिल्डरकडे पाळणाघराचा विषय लावून धरावा. महिला कामगार जास्त असलेल्या बांधकामांवर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली असावी, ही तरतूद कायद्यात १९९६ पासून आहे. तिसरीने लाल पट्टीतल्या मुलांच्या घरी दर आठवड्याला जावं.

आणि एक काम सोसायटीच नीट करू शकते. सॅम मुलाला ताप, उलट्या, धाप, सुस्ती असेल किंवा ते खाणंच नाकारत असेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे ठेवावं लागतं. आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी आई मूल उचलून परत येते, कारण घरी पाच वर्षांची थोरली एकटी असते आणि नवऱ्याला डबा नसतो. त्या चौदा दिवसांत थोरलीला सांभाळा, नवऱ्याचा डबा द्या, आईला रिक्षाचे पैसे द्या. बिस्किटांचं वर्षभराचं बजेट इथे लावलंत तर एक मूल पूर्ण उपचार घेऊन घरी येईल.

मी तुर्भ्याला अंगणवाडीत मदतनीस आहे. एक वीस महिन्यांची मुलगी आहे. टीएचआरची पाकिटं नियमित नेतात, पण तीन महिने वजन ७.८ ते ८ किलोच्या मध्येच आहे. दंडघेर १२. ताईंना वाटतं घरचे खायला घालत नाहीत.
— एक वाचक, तुर्भे

ताई, घरच्यांवर ठपका ठेवण्याआधी काटा तपासा. टांगत्या काट्यावर सर्वांत लहान रेघ १०० ग्रॅमची असते, त्यामुळे शंभर ग्रॅमचा चढउतार हा काट्याचाच खेळ असू शकतो. झोळी अडकवून काटा शून्यावर आणा. मग किराणा दुकानातले एक किलो मिठाचे दोन पुडे टांगा. दोन किलो दाखवत नसेल तर आधी काटा बदला. अंगात स्वेटर, पायात पैंजण आणि नुकतंच भरपूर पाणी प्यायलेलं मूल, या तिन्हींनी आकडा फसवतो.

काटा बरोबर असेल तर मात्र काळजीचं आहे. दुसऱ्या वर्षी मूल महिन्याला सुमारे २०० ग्रॅम वाढतं. तीन महिने वाढ नाही म्हणजे जवळजवळ अर्धा किलो मागे.

पुढचा प्रश्न ‘खायला घालता का’ असा विचारू नका, उत्तर ‘हो’ येणारच. काल सकाळपासून काय काय दिलं, कोणी दिलं, कुठल्या भांड्यात दिलं, किती उरलं, हे क्रमाने विचारा. बहुधा तीन गोष्टी बाहेर येतात. एक म्हणजे टीएचआर घरातल्या चार मुलांत वाटला जातो. गरीब घरात हे होणारच, त्यात आईचा दोष नाही. दुसरं म्हणजे मुलगी सगळ्यांच्या ताटात जेवते, म्हणजे मोठ्यांच्या वेगाने. तिला वेगळी वाटी द्या, वाटी रिकामी होईपर्यंत कुणीतरी शेजारी बसा. तिसरं म्हणजे वेळा. लहान मुलाच्या पोटात एका वेळी किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर मावतं. आठ किलोच्या मुलीला २४० मिलिलिटर, म्हणजे मोठी वाटीभर. दोन जेवणांत तिची गरज भागूच शकत नाही. पाच वेळा तरी हवं. आई दिवसभर बाहेर असेल तर सकाळी अकरा आणि दुपारी चार या दोन वेळा शेजारीण किंवा तुम्ही स्वतः बघू शकाल का, हे ठरवा.

मॅम मुलाला रोजच्या जेवणाशिवाय किलोमागे साधारण २५ कॅलरी जास्त लागतात. या मुलीला रोज २००. एक लाडू पुरतो: भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट ४० ग्रॅम, भाजलेलं नाचणीचं किंवा गव्हाचं पीठ ३० ग्रॅम, गूळ २० ग्रॅम, तूप किंवा तेल १० ग्रॅम. या शंभर ग्रॅममध्ये ४९० च्या आसपास कॅलरी आणि सुमारे १३ ग्रॅम प्रथिनं येतात. ४० ग्रॅमचा एक लाडू तिचा, दोन जेवणांच्या मध्ये, जेवणाऐवजी नव्हे. शेंगदाणे अख्खे किंवा भरड ठेवू नका, श्वासनलिकेत अडकतात. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा निवडून टाका. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

इतकं करूनही तीन-चार आठवड्यांत वजन हललं नाही तर खाण्याच्या पलीकडे बघा. वारंवार जुलाब होतात का? प्रत्येक जुलाबाच्या वेळी ओआरएससोबत झिंक २० मिलिग्रॅम १४ दिवस द्यायचं असतं, पण जुलाब थांबले की घरचे तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतात. जंताचं औषध झालं का? एक ते दोन वर्षं वयाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, चुरून. घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? असेल तर मुलीची टीबीची तपासणी करून घ्या. मुलींमध्ये लघवीचा संसर्गही काही न दाखवता वाढ रोखतो. महापालिकेच्या दवाखान्यात लघवी तपासून घ्यायला सांगा.

माझा नातू दहा महिन्यांचा. सून कामावर जाते, मीच सांभाळते. दिवसातून चार वेळा तांदळाची पेज आवडीने घेतो. पण अंग धरत नाही.
— एक आजी, कळवा

आजी, तुमचं चुकलेलं इतकंच की पेज पातळ आहे. वाटीभर पातळ पेजेत जेमतेम दहा ग्रॅम तांदूळ असतो, म्हणजे ३५ कॅलरी. पोट भरतं ते पाण्याने. त्याच वाटीत तीस ग्रॅम डाळ-तांदळाचं घट्ट खिमट केलं आणि चमचाभर तूप किंवा तेल घातलं तर दीडशे होतात. बाळाचं अन्न चमच्यातून ओघळता कामा नये, चमचा तिरका केला की सावकाश घसरलं पाहिजे.

दहा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय तीन-चार वेळा अर्धी मोठी वाटी, म्हणजे सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास, आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खायला. सून घरी असेल तेव्हा अंगावर पाजणं चालू राहू द्या, दोन वर्षांपर्यंत. रोज डाळ, आठवड्यातून जितक्या दिवशी जमेल तितक्या दिवशी पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून. सुरुवात पाव अंड्यापासून करा. आशाताईंकडून लोहाचं औषध मिळतं, आठवड्यातून दोन वेळा १ मिलिलिटर. ते चुकवू नका.

घट्ट नाचणी गिळायला बाळ कंटाळतं, हे खरं. त्यावर मोड आलेल्या नाचणीचं पीठ फार कामाचं आहे. नाचणी धुऊन बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून एक-दीड दिवस ठेवा. मोड आला की पसरून कडक वाळवा. पावसाळ्यात आपल्याकडे उन्हाचा भरवसा नाही, तेव्हा पंख्याखाली पातळ पसरा. आंबूस किंवा बुरशीचा वास आला तर सरळ टाकून द्या. वाळल्यावर मोड चोळून काढा आणि न भाजता दळा. भाजलं की त्यातला जो घटक स्टार्च तोडतो तोच जळतो, आणि नेमकं हेच घरोघर चुकतं, कारण सत्त्व भाजायची आपल्याला सवय आहे.

आता नेहमीच्या पिठाची खीर किंवा मऊ भात घट्ट शिजवा, गॅस बंद करा. बोट क्षणभरच टेकवता येईल इतकं निवू द्या. मग त्यात हे मोडाचं पीठ एक लहान चमचा घालून ढवळा. पाच-दहा मिनिटांत पाणी न घालता ते सरबरीत होतं. लगेच पुन्हा गॅसवर ठेवून दोन मिनिटं उकळी आणा, कारण मोड आणताना पिठात जंतू वाढलेले असू शकतात. फार गरम असताना पीठ घातलं तर सैल होणार नाही, गार झाल्यावर घातलं तर फार वेळ लागेल. दोन-तीनदा केलंत की हाताला अंदाज येईल.

डोंबिवलीत आमचा केटरिंगचा व्यवसाय आहे. लग्नानंतर उरलेलं अन्न वस्तीतल्या मुलांना द्यावं असं वाटतं. कायद्याची काही अडचण?
— एक केटरर, डोंबिवली

अन्न वाया जाऊ नये ही तुमची तळमळ योग्य आहे, पण ते बाळांपर्यंत पोचवू नका. मोठ्यांसाठी मात्र नीट व्यवस्था करता येते. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ पासून वेगळे नियम आहेत. वाटप करणाऱ्या संस्थेची अन्न सुरक्षा नोंदणी हवी, आणि काय, किती, कधी शिजवलेलं दिलं याची नोंद ठेवावी लागते. नोंदणी असलेल्या संस्थेशीच जोडून घ्या.

बुफेच्या टेबलावर गेलेलं अन्न देऊ नका. आठला मांडलेलं साडेअकराला उरतं, म्हणजे साडेतीन तास ते कोमट पडलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात राहिलेलं, ६० अंशांच्या वर गरम ठेवलेलं, तेवढंच द्या. साध्या तापमानात दोन तास गेले की थांबा. भाताबाबत जास्त जपा. कोमट भातात वाढणाऱ्या एका जंतूचं विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. पनीर, दह्याची कोशिंबीर, ओली चटणी, बासुंदी आणि रबडी ही यादीतून सरळ काढून टाका. अशक्त मुलाला एका विषबाधेने महिन्याभरात कमावलेलं वजन गमवावं लागतं.

मुलांसाठी द्यायचंच असेल तर न शिजवलेलं द्या: शेंगदाणे, गूळ, तेल, डाळ. तुमच्याकडे ठोक भावाने येतं. जवळच्या अंगणवाडीला महिन्याला पाच किलो निवडलेले दाणे मिळाले तर ताई त्याचं सोनं करतील.

ऐरोलीत आम्ही मित्र मिळून नवजात बाळांच्या मातांना दूध पावडरचे डबे आणि बाटल्या देणार आहोत. कोणती कंपनी चांगली?
— एक वाचक, ऐरोली

कोणतीच नको. शिशुदुग्ध पर्याय आणि दुधाच्या बाटल्या यांच्याबद्दल १९९२ चा कायदा आहे. असे डबे आणि बाटल्या दान म्हणून वाटायला त्यात मनाई आहे, अनाथालयाचा अपवाद सोडून. कारणही तसंच आहे. डबा मिळाला की अंगावर पाजणं कमी होतं, पाजणं कमी झालं की दूध आटतं, आणि डबा संपल्यावर आईकडे दोन्ही नसतं. मग पावडर पुरवायला ती पातळ कालवली जाते. बाटलीचं बूच उकळायला वस्तीत ना गॅस पुरतो ना पाणी. तुमच्या पैशांत बाळंतिणीला महिनाभर रोज दोन अंडी आणि डाळीचा शिधा द्या. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको.

मी शहापूर तालुक्यातला, ठाण्यात कॉलेजला आहे. आमच्या पाड्यावरची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं परत येतात तेव्हा वाळलेली असतात. आम्ही दहा मुलं मिळून काय करू शकतो?
— एक विद्यार्थी

दोन्ही टोकं जोडायला तुमच्यासारखीच मुलं हवीत. निघण्याच्या आदल्या आठवड्यात पाड्यावरच्या प्रत्येक लहान मुलाचं वजन आणि दंडघेर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. ते कार्ड आईच्या पिशवीत गेलं पाहिजे, घरी कोनाड्यात राहता कामा नये. सेविकेला पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर स्थलांतराची नोंद करायला सांगा. मुकादमाचा फोन आणि भट्टीचं गाव विचारून घ्या, कारण भट्टीला पत्ता नसतो. मग तुमच्यातल्या दोघांनी त्या गावच्या अंगणवाडीत जाऊन भट्टी दाखवून यावं. नोंद संगणकावर असली तरी ताईंना रस्ता माहीत नसेल तर आहार पोचत नाही.

रेशनचंही तसंच. एक देश एक रेशन कार्ड योजनेत भट्टीजवळच्या दुकानातूनही धान्य उचलता येतं. म्हातारी माणसं पाड्यावर राहिली असतील तर काही धान्य इथे, काही तिथे असंही घेता येतं. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. ई-केवायसी झालेली नसेल तर दुकानातून हात हलवत परत यावं लागतं, म्हणून ती दिवाळीपूर्वीच उरका.

शेजारच्या दीड वर्षाच्या मुलाचे पाय आणि तोंड सुजल्यासारखं दिसतं. घरचे म्हणतात अंग भरतंय. ते किरकिरं आहे, खात नाही.
— एक वाचक, दिघा

वाट बघू नका. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबा. अंगठा काढल्यावर दोन्हीकडे खळगा तसाच राहिला तर ती कुपोषणाची सूज असू शकते. मग दंडघेर आणि वजन कितीही चांगलं भरलं तरी ते मूल तीव्र कुपोषित धरतात, कारण वजनात पाणी मोजलं जातं.

त्याच दिवशी शासकीय रुग्णालयाच्या बालरोग विभागात न्या. सुस्त असेल तर १०८ ला फोन करा. मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर निघण्याआधी साखरपाणी पाजा: साडेतीन मोठे चमचे उकळून गार केलेलं पाणी, त्यात एक लहान चमचा शिगोशीग साखर. अशा मुलाची साखर आणि अंगातली ऊब झपाट्याने उतरते. आईने त्याला छातीशी धरावं, डोकं झाकावं. घरी ताकद यावी म्हणून भरपूर खाऊ घालू नका आणि लोहाचं टॉनिक देऊ नका. रुग्णालयातही सुरुवातीला १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असलेलं खास दूधच थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा देतात, कारण एकदम जास्त अन्न त्या हृदयाला झेपत नाही. केसपेपर काढतानाच ‘दोन्ही पावलांवर सूज आहे, खळगा राहतो’ असं सांगा. नुसतं ‘खात नाही’ म्हटलंत तर बाहेरच्या रांगेत दोन तास जातील.